गोवर्धन नाही म्हणून राहिला

अमरावती, ४ जानेवारी २०२५

आजी,

हे पत्र तुला नत्थुजी गुरुजी वाचून दाखवणार, हे मला माहीत आहे. गुरुजी, नमस्कार. एक विनंती आहे, हे अंगणात मोठ्यानं वाचू नका. मागच्या वेळी तुम्ही माझ्या खोकल्याची बातमी वाचली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या हिवरखेडात मला टीबी झाला होता.

आजी, फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि बाबा ‘जेवली का?’ याच्या पुढे जात नाहीत, म्हणून कागद. दिवाळीत मी तीन दिवस तुझ्यासमोर मोबाइल ठेवून तुला बोलायला लावलं होतं. तू विचारलं होतंस, माह्या शिव्या बी हा ठेवून घेते का? हो, ठेवून घेतल्या. त्यातूनच आमचा कॉलेजचा प्रोजेक्ट उभा राहिला. भाजीवाल्या माणसानं मोबाइलसमोर नुसतं बोलायचं, माल किती, कसा, आणि मोबाइल ते लिहून घेतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना फार उपयोगी. (तुला टोमणा नाही.) मी आणि माझ्या खोलीतली स्वराली, दोघींनी मिळून केलं. तिचे वडील इथे वकील आहेत. ती मराठी बोलायला लागली की रेडिओवर बातम्या लागल्यासारखं वाटतं.

आता मुख्य गोष्ट. २१ आणि २२ फेब्रुवारीला हैदराबादला मोठी टेक्नॉलॉजी कॉन्फरन्स आहे. देशभरच्या कंपन्या येतात. विद्यार्थ्यांसाठी वेगळा मंच असतो आणि त्यात आमचा प्रोजेक्ट निवडला गेलाय! दहा मिनिटं बोलायचं. पण बोलणारी एकच. स्वराली म्हणाली, कल्पना तुझी, तू बोल. याच महिन्याच्या २५ तारखेपर्यंत नाव द्यायचंय आणि सोबत बाबांच्या सहीचं संमतीपत्र. ते याच पाकिटात आहे. योगेशदादाच्या भाजीच्या गाडीबरोबर पाठवतेय.

आजी, मला जायचंय. इतकं कशाचंच कधी वाटलं नव्हतं. पण बाबांना विचारायची हिंमत होत नाही. तू विचार.

तुझी वर्षाली


हिवरखेड, १२ जानेवारी २०२५

चि. वर्षालीस तिची आजी वच्छला हिचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र नत्थुजी गुरुजींनी अत्यंत स्पष्ट वाणीने वाचले. तुझ्या विनंतीनुसार अंगणात वाचले नाही, ओट्यावर वाचले. ओट्यासमोर त्या वेळी शेजारची सुंदराबाई, तिची सून, दूधवाला व बँकेचा शिपाई एवढेच उपस्थित होते.

तुझी आई आरती प्रकृतीने उत्तम आहे. तिच्या हातच्या वरणाविषयी मी जे बोलले ते पत्रलेखनाच्या मर्यादेत बसत नाही, असे गुरुजींचे मत पडले. सारांश, वरण पातळ असते. हा मजकूर तिला लिहावयास सांगणे प्रशस्त नसल्यामुळेच मी लेखनासाठी गुरुजींकडे येत असते.

यंदा कोथिंबीर विपुल आली आहे. टोमॅटोही बरे आहेत.

परिषदेचा विषय मी तुझ्या वडिलांकडे काढला. चि. गोवर्धनने नकार दिला आहे. त्याचे म्हणणे असे की, परिषदेच्या भानगडीत पडून आजवर कोणाचे भले झालेले नाही. अकोल्याची परिषद जवळ असताना हैदराबादच्या परिषदेत आपल्या मुलीचे काय काम? मागील निवडणुकीत त्याला सभेसाठी ट्रकमध्ये बसवून नेले व परतीच्या वेळी ट्रक त्याला न घेताच निघून आला, हे तो अद्याप विसरलेला नाही. त्यावर मी त्याला मूर्ख (येथे गुरुजींनी ‘भोळा’ हा शब्द सुचवला) म्हणाले.

अभ्यास करावा. थंडीत कान झाकावे.

तुझी आजी, वच्छला
(लेखनिक: नत्थुजी, निवृत्त शिक्षक. भाषा शुद्ध करून दिली आहे.)


अमरावती, २७ जानेवारी २०२५

प्रिय आजीस,

पत्र मिळालं. बाबांनी नकार दिला, विषय संपला. परवा, पंचवीस तारखेला, मी स्वरालीचं नाव देऊन टाकलं. ती म्हणाली, अगं, एकदा स्वतः बोलून तर बघ. मी म्हटलं, आमच्याकडे नकार दिला म्हणजे दिला. मी रडले नाही. (गुरुजी, हे वाक्य दोनदा वाचा.)

बाबांना सांग, वाईट वाटून घेऊ नका. मी फोनवर हा विषय काढणार नाही, त्यांनीही काढू नये.

एक मात्र कळलं नाही. अकोल्याची परिषद कोणती? निवडणूक कशाची? मी कॉन्फरन्स लिहिलं होतं.

आणि आजी, आमच्या सरांनी सांगितलंय की मंचावर तुझा आवाज चालायचा नाही. तुझ्या बोलण्यातलं ‘काहून’, ‘राहिली’, ‘सांभार’ हे सगळं काढून वाक्यं स्वच्छ करायची. त्याला डेटा साफ करणं म्हणतात. तू कोथिंबिरीला सांभार म्हणालीस की आमच्या मशीनला इडलीबरोबरचं वाटतं. स्वराली आता तिच्या आवाजात सगळं पुन्हा भरतेय. बरंच झालं. तिथे फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या लोकांसमोर माझी फजितीच झाली असती.

वर्षाली


हिवरखेड, ३० जानेवारी २०२५

बाई वर्षाली,

हे पत्र तुही माय लेयून राहिली. नत्थुजीले मी कामावरून काढलं. तुह्या मायले बजावलं हाये, मी बोलीन ते अस्संच लेय, एक काना जरी इकडचा तिकडे केला तं तुह्या वरणाचं सप्पा गावात सांगीन. (वरणाचं मले तवाच समजलं होतं. गुरुजीनं ओट्यावर बसून लेयलं ना. — आई)

तुहं पत्र नत्थुजी वाचून राहिला होता. ‘बाबांनी नकार दिला’ म्हटलं आन मी खाटेवरून उठून बसली. म्हटलं, हे कवा झालं बाप्पा? मी काय सांगतलं होतं? मी सांगतलं होतं, “गोवर्धन नाही म्हणून राहिला.” म्हणून राहिला! समजलं का व? म्हणजे तोंड चालू हाये त्याचं अजून. आज म्हणून राहिला, उद्या म्हणीन, परवा थकीन. आन या मास्तरनं काय लेयलं? नकार दिला! दिला म्हणजे झालं ना, देऊन मोकळा. मी चालत्याबोलत्या माणसाची गोठ सांगतली, यानं मेल्याची खबर पाठवली. वरून मलेच म्हणते, “वच्छलाबाई, अर्थ तोच आहे.” मी म्हटलं, गुरुजी, भाकर भाजून राहिली आन भाकर भाजली, हे एकच असन तं कच्ची खाऊन दाखवा.

तुह्या बापाले तू ओळखत नाही का? विहिरीवर मोटर बसवाले नाही म्हणून राहिला होता, बसवली. फ्रिजले नाही म्हणून राहिला होता, आता त्याच्यापुढून हटत नाही. तुह्या मायले पाहून आला, तवा बी आठ रोज नाही म्हणून राहिला होता. (हे मले आजच समजलं. आज वरण अजून पातळ होईन. — आई)

आता ते परिषदेचं. तू इंग्रजी शब्द लेयला, नत्थुजीनं वाचता वाचता त्याचं मराठी करून टाकलं, परिषद. आपल्या इकडे परिषद म्हणजे एकच, जिल्हा परिषद. तुह्या बापाले वाटलं, पोट्टी तिकीट मांगून राहिली! मले बी वाटलं, लेकरू कॉलेजात शिकता शिकता कुठल्या कुठी पोचलं. सुंदराबाईनं तं गल्लीतली नाली तुंबल्याची तक्रार तुह्यासाठी सांगून ठेवली हाये.

मंग योगेशनं मोबाइलवर मागच्या सालची कॉन्फरन्स दाखवली. गळ्यात पट्टे घातलेले मानसं, हातात चहा, इकडून तिकडे फिरून राहिले. तुहा बाप दोन मिनटं पाहत राहिला. म्हणे, “हे तं सप्पे शिकेल लोक दिसतात. ट्रक कुठीच नाही.” तठीच सही केली. सोबत पाठवली हाये. सही केल्यावर म्हणे, “आई, पोरीनं मले काहून नाही विचारलं? मी काय वाघ हाओ का?” याचं उत्तर मी काहून देऊ? तुह्यापाशी असन तं दे त्याले.

आन ते साफ करण्याचं. माहं बोलणं काय गहू हाये, खडे येचाले? मी बोलली ते सोडून तुमची मशीन दुसरंच लेयत असन, तं ती मशीन नाही, तो नत्थुजी हाये. एक नत्थुजी आमाले घरबसल्या फुकट भेटला. तुमी दोघीनं दुसरा कराले एवढी मेहनत काहून केली?

राग नको येऊ देऊ, पण एक सांगतो म्हटलं तं सांगतेच. तुले भेव वाटून राहिलं होतं. नकार वाचला आन तुले बरं वाटलं. ‘बरंच झालं’ असं तूच लेयलं. आजीले अक्षर येत नाही, पण एवढं वाचता येते.

जाय.

वच्छला


अमरावती, ५ फेब्रुवारी २०२५

आजी,

हो. बरं वाटलं होतं. एक दिवस. मग रोज वाईट वाटत होतं.

बाबांची सही हातात घेऊन मी पळतच स्वरालीकडे गेले. पण नावं छापून गेलीत, आता बदलत नाहीत. आणि तिनं दहा-बारा दिवस घसा बसेपर्यंत तयारी केलीय. ती म्हणाली, मी आजारी पडल्याचं कळवते, तू उभी राहा. माझ्या तोंडाशी ‘हो’ आलं होतं, आजी. खोटं कशाला सांगू? पण तिची वही पाहिली. प्रत्येक वाक्याखाली कुठे श्वास घ्यायचा त्याची खूण केलेली. मी म्हटलं, तूच बोल.

नुसतं विद्यार्थी म्हणूनही कॉन्फरन्सला जाता येतं. पट्टा मिळतो, ऐकायचं, बोलायचं नाही. तशी नोंदणी मी केली. दोघी अकोल्याहून गाडीत बसू. तुझं नत्थुजी-मशीनचं मी तिला वाचून दाखवलं. ती आधी खूप हसली. म्हणाली, खरं आहे गं, पण सर ऐकत नाहीत. तुझा आवाज आम्ही पुसला मात्र नाही. ठेवलाय एका कोपऱ्यात.

बाबांना मीच विचारायला हवं होतं. हे तू नको सांगू, मी फोन करते.

तुझी वर्षाली


हिवरखेड, १३ फेब्रुवारी २०२५

बाई,

तुहा फोन आला आन तुहा बाप अर्धा घंटा बोलत होता. त्यात ‘जेवली का’ चार डाव म्हटलं. बाकीचं मले ऐकू आलं नाही, आन तुह्या मायनं ऐकून बी सांगतलं नाही. (सांगणार पण नाही. — आई) मंग गाडी काढून बाजारात गेला आन तुह्या बॅगेले लावाले कुलूप घेऊन आला. कुलूप बॅगेहून मोठं हाये. असं कुलूप मी गोदामालेच पाहिलं. योगेशपाशी देऊन राहिली. लाव नाही तं नको लावू, पण नेजो.

तठी जाऊन स्वरालीच्या पुढं पुढं करू नको आन तोंड पाडून मांगं बी बसू नको. तिची वेळ हाये, तिले पाणी दे. मोठमोठे लोक भेटतीन, तं भाजीवाली गिऱ्हाइकाकडे पाह्यते तसं पाय. घेतलं तं घेतलं, नाही तं दुसरं येऊनच राहिलं हाये.

वच्छला


अमरावती, २५ फेब्रुवारी २०२५

आजी,

काल आले. पाय अजून दुखताहेत. केवढं ते सभागृह! अकोल्याच्या जुन्या शहरातला बाजार एका छताखाली भरवावा, तसं. प्रत्येक कंपनीनं दुकान मांडलेलं, फक्त कोणी ओरडत नाही, नुसते हसतात. ज्याच्यासमोर उभं राहावं तो पेन देतो. माझ्याकडे अकरा पेनं आणि सहा कापडी पिशव्या झाल्या. दारात एका रोबोटनं हात जोडले. मी वाकून नमस्कार केला, मग कळलं, तो माझ्या मागच्या साहेबांना करत होता. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे न पाहता गळ्यातल्या पट्ट्याकडे पाहतात आणि पट्ट्यावर ‘विद्यार्थी’ दिसलं की पुढे जातात. पहिल्या दिवशी मी तो पट्टा उलटा करून घातला. मग सगळे थांबून बोलायला लागले.

जेवताना मी वाढणाऱ्याला विचारलं, “भैया, पुलाव में सांभार डाला क्या?” त्यानं हसून पुलावावर दोन पळ्या सांबार ओतलं.

आता ऐक. दुसऱ्या दिवशी स्वराली उभी राहिली. काय बोलली, आजी! जिथे श्वास घ्यायचा तिथेच घेतला. मशीननं एकही चूक केली नाही. समोर पाहुण्यांत हैदराबादच्याच एका कंपनीतल्या बाई होत्या, पांढरे केस, कापसाची साडी. भाषांवरच काम करतात. त्यांनी हिंदीत विचारलं, “ये किताब वाली मराठी है. खेत में ऐसा कौन बोलता है?”

स्वरालीला सरांनी उत्तर पाठ करून दिलं होतं. तिनं ते दिलं नाही. म्हणाली, “एक आवाज हमने निकाल दिया था, वो सुनाती हूँ,” आणि तुझा आवाज लावला. सगळ्या सभागृहात तू! “मी सांभार विकून राहिली, तू मांगं काहून उभी?” दिवाळीत तू मलाच म्हणाली होतीस. पडद्यावर मशीननं लिहिलं: “मी सांबार विकून उरले.”

सगळे हसले. सर खाली मान घालून मोबाइल बघायला लागले. स्वरालीनं माझ्याकडे बोट केलं, “इसका जवाब उसके पास है,” आणि माइक हातोहात तिसऱ्या रांगेत माझ्यापर्यंत आला.

मी उठले. इंग्रजीची चार वाक्यं मनात जुळवली होती, एकही सापडेना. म्हटलं, “मॅडम, सांभार मतलब धनिया.” पुन्हा हसले. मग मी सांगितलं की उरली कोणी नाही, बाई अजून विकून राहिली आहे, तिची टोपली अजून भरलेली आहे. आमच्याकडे ‘राहिली’ म्हणजे संपलं नाही. सांगितलं की माझे वडील ‘नाही म्हणून राहिले’ होते, एका गुरुजींनी ते शुद्ध करून ‘नकार दिला’ लिहिलं आणि त्यामुळे आज मी मंचावर नाही, तिसऱ्या रांगेत आहे. “हमने जो मशीन बनाई, वो भी वही गुरुजी है.” शेवटी तर हिंदीही सुटली, काय बोलले ते वऱ्हाडीतच बोलले. घंटी झाली, मी माइकसकट खाली बसले.

बक्षीस ड्रोनवाल्या मुलांना मिळालं. पण त्या बाई बाहेर आम्हाला शोधत आल्या. त्यांनी पट्टा पाहिला नाही. विचारलं, असं बोलणं किती तासांचं आहे? मी म्हटलं, अडीच. त्या म्हणाल्या, शंभर आणा. एप्रिल संपेपर्यंत आणलंत तर मे-जूनमध्ये दोघी माझ्याकडे कामाला या, हीच मशीन नीट करू. आणि अट एकच, एक शब्दही साफ करायचा नाही.

सर म्हणताहेत, मी तर आधीपासून हेच सांगत होतो.

बाबांना मी काल रात्रीच फोन करून विचारलंय. मी, स्वतः. पण शंभर तास, आजी! कोण बोलेल एवढं?

तुझी वर्षाली


हिवरखेड, ७ मार्च २०२५

बाई वर्षाली,

कोण बोलीन म्हणते? आपल्या गल्लीत शंभर तास दोन रोजात होतीन, असं मले वाटलं होतं. चुकली मी.

परवा भाजी निवडाले सप्प्या जमल्या, तवा मी सरळ सांगतलं का बायांनो, पोरीले बोलणं पाह्यजे, हा मोबाइल चालू राहीन, कबूल असन तं बसा. सप्प्या कबूल. योगेशनं टोपली पालथी करून त्यावर मोबाइल ठेवला. ठेवला आन सप्प्यांची वाचा गेली. ते मैना तुले माहीत हाये, दोन रुपयासाठी गिऱ्हाइकाच्या आज्यापंज्याले खाली उतरवते. ते नव्या नवरीसारखी बसली आन म्हणे, “नमस्कार. माझे नाव मैना आहे. मी भाजी विकते.” सुंदराबाईनं पदर सारखा केला, जसा फोटोच निघून राहिला. म्हणे, “आज हवामान छान आहे.” बाई व, हवामान! साठ वर्सात तिच्या तोंडून मी हा शब्द ऐकला नोता. पाऊण घंटा असाच गेला, सप्प्या शाळेतल्या. कोनाले म्हणू, काहून अशी बोलून राहिली? मशीन तं बिचारी अजून काईच बोलली नोती, आमीच आपापलं साफ करून राहिलो होतो.

मंग मी हळूच म्हटलं, “मैने, पोळ्याच्या बाजारात माह्या जागेवर तू बसली होती ना?”

बस. “मी बसली? तूच उशिरा आली व बुढे!” सुंदराबाई मैनेकडून झाली, तिची सून माह्याकडून झाली, मंग सुंदराबाई सुनेवर गेली. भेद्र्याचं टोपलं सांडलं, टमाटे नालीपर्यंत गेले. तुही माय चहा घेऊन आली होती, ते कप ठेवून मधातच शिरली. (मी सोडवाले गेली होती. — आई) तिनं सोडवता सोडवता मले लग्नापासूनचं बावीस सालाचं सुनावलं. वरणाचं बी त्यात आलं. नत्थुजी ओट्यावरून धावत आला, “भगिनींनो, शांतता, शांतता!” सुंदराबाईनं त्याच्या धोतराबद्दल काही म्हटलं, तसा तो बी मास्तरकी विसरून ओरडला, “मले काहून बोलून राहिली व? मी काय केलं?” भरलं ते बी. मोबाइलची बॅटरी संपली तवा लोक थांबले.

संध्याकाळी योगेशनं ते सप्पं परत लावून ऐकवलं. आमी पाची जणी एकमेकीच्या आंगावर पडून हासलो. मैना म्हणे, “मी अशी बोलते? मले तं माहीतच नोतं. लावा बरं अजून एक डाव.” बाई, तिचा आवाज तिनं जल्मात पयल्यांदा ऐकला.

तुहा बाप काल अकोल्याले जाऊन रेल्वेचे तिकिटं काढून आला. मे मईन्याचे, आत्तापासून. तीन हायेत. तू, स्वराली आन तो. म्हणे, पोचवून परत येतो, त्या बाईले बी पाहून घेतो. मी म्हटलं, शंभर तास भरले नाही तं? म्हणे, “तुमाले बोलाले लावलं हाये, थांबवाले नाही. भरतीन.”

तं आता पहा, सात तास झाले. सोमवारी नळावरचं भांडण ठेवलं हाये, बुधवारी वाटणीचं. शुक्रवारी सप्प्या सुना सासवाईबद्दल बोलणार, तवा मी घरी थांबणार नाही, मले सांगू बी नका काय बोलल्या. योगेशले म्हटलं, त्या दिवशी दोन मोबाइल ठेव.

वच्छला

(तीन लागतीन. — आई)